सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईत उतरून रात्री कोकणकन्या पकडायची आहे. दिवसभर सामान कोठे ठेवावे?

बडनेरेकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मे महिन्यात माझ्या मेहुण्याचे लग्न कुडाळला आहे आणि त्यासाठी आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, सत्तरी ओलांडलेली आई आणि नऊ वर्षांचा मुलगा, बडनेऱ्याहून निघणार आहोत. विदर्भ एक्स्प्रेस वेळेवर आली तर सकाळी सातच्या सुमारास मुंबईत पोहोचते आणि कोकणकन्या रात्री अकराच्या पुढे सुटते. मधला अख्खा दिवस मुंबईत काढायचा आहे. मुलाला राणीची बाग आणि समुद्र दाखवायचा आहे, आईला जमेल तेवढे हिंडायचे आहे आणि दुपारी कोठेतरी पाठ टेकायची आहे.

अडचण सामानाची आहे. चाकांच्या दोन मोठ्या बॅगा, आहेराच्या साड्यांची एक कापडी बॅग आणि वाटेतल्या खाण्याची एक वायरची पिशवी, एवढा लवाजमा घेऊन लोकलमध्ये चढणे आम्हाला शक्य नाही. मुंबईत नातेवाईक आहेत, परंतु ते विरारला राहतात; सामान टाकण्यासाठी विरारला जाऊन परत येणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल.

दोन्ही गाड्या दादरला थांबतात आणि दोन्ही सीएसएमटीपर्यंत (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) जातात किंवा तेथून सुटतात. तेव्हा सामान दादरला ठेवावे की सीएसएमटीला, हा माझा पहिला प्रश्न आहे. रेल्वेच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवण्यासाठी काय काय लागते आणि पत्नीचे लग्नात घालायचे दागिने त्या बॅगेत राहू द्यावेत का, हा दुसरा. सीएसएमटीच्या प्रतीक्षालयात आईला बसवून सामान तिच्याजवळ ठेवावे, असाही एक सल्ला मिळाला आहे. तो कितपत योग्य आहे, तेही कृपया सांगावे.

डोंबिवलीकर यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लोकलची गर्दी कोणत्या दिशेला वाहते, यावरच अवलंबून आहे, आणि आमचे आयुष्य त्यातच चालले असल्यामुळे ते मी खात्रीने देऊ शकतो. सकाळी सात ते अकरा या वेळेत मध्य रेल्वेची सारी गर्दी कल्याण-ठाण्याकडून सीएसएमटीकडे येत असते आणि संध्याकाळी पाचनंतर तीच गर्दी उलट फिरते. याचा अर्थ असा, की सकाळी आपण दादरला उतरलात आणि नंतर राणीच्या बागेकडे जायला निघालात, तर भायखळ्यापर्यंतचा प्रवास आपल्याला ऐन गर्दीच्या दिशेने, ऐन गर्दीच्या वेळी करावा लागेल. सामान नसले तरी आई आणि लहान मुलगा बरोबर असताना तो करू नये.

त्याऐवजी विदर्भ एक्स्प्रेसमध्येच बसून राहावे आणि थेट सीएसएमटीला उतरावे. तेथे सामान ठेवून चहा-नाश्ता उरकला, की कल्याणकडे जाणारी धीमी लोकल पकडावी. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरे स्थानक भायखळा. त्या दिशेच्या गाड्या सकाळी बऱ्याच मोकळ्या असतात आणि आईंना बसायला जागा मिळेल. परतताना दुपारी किंवा संध्याकाळी भायखळ्याहून सीएसएमटीकडे येणारी लोकलही गर्दीच्या उलट दिशेची असते. जलद गाडीत मात्र चढू नये. तीही भायखळ्याला थांबत असली, तरी तिच्यात शिरणाऱ्यांना लांब जायचे असते आणि इतक्या लवकर दारापर्यंत पोहोचणे सोपे नसते.

गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही दोन्ही ठिकाणे सीएसएमटीपासून दोन-अडीच किलोमीटरच्या आत आहेत, त्यामुळे तिकडे टॅक्सी करावी. चौघांसाठी तीच सोयीची पडते. एक सूचना: आपला दिवस रविवारी येत असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ, कोणत्या मार्गावर आहे, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

निवृत्त पार्सलबाबू यांचे उत्तर

वाणिज्य विभागात नोकरी झाल्यामुळे क्लोक रूमच्या खिडकीच्या आतली बाजू मला परिचयाची आहे. नियम सोपे आहेत. लोकांची अडचण होते ती ते आधी माहीत नसल्यामुळे.

क्लोक रूम फक्त प्रवाशांसाठी असते. खिडकीवर वैध प्रवासाचे तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते, आणि तिकिटावरचा पीएनआर क्रमांक पावतीवर नोंदवला जातो. आपल्याकडे दोन तिकिटे असतील: आलेल्या गाडीचे आणि जायच्या गाडीचे. कोकणकन्येचे तिकीट ऑनलाइन काढलेले आणि प्रतीक्षायादीत असेल, तर चार्ट तयार होताना ते आपोआप रद्द होण्याची शक्यता असते, म्हणून विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट पुढे करावे आणि ते मोबाइलमधून पुसून टाकू नये.

दुसरी अट कुलपाची आहे. कुलूप नसलेली बॅग घेण्यास कारकून नकार देऊ शकतो आणि बहुतेक वेळा देतोच. तो बॅग उचलण्याआधी चेनचे दोन्ही टोक धरून ओढून पाहतो. चेन सरकली तर बॅग परत आपल्या बाजूला येते. आपल्या दोन मोठ्या बॅगांचा प्रश्न नाही, परंतु साड्यांच्या कापडी बॅगेला दोन चेन एकत्र येतात त्या जागी लहान कुलूप लावता येते का, हे घरीच पाहावे. येत नसेल तर ती बॅग बदलावी. वायरची पिशवी तर घेतलीच जाणार नाही, एक तर ती उघडी आणि दुसरे म्हणजे तिच्यात खाण्याचे पदार्थ. नाशवंत वस्तू क्लोक रूममध्ये ठेवता येत नाहीत. मे महिन्यात तसल्या बंद खोलीत दिवसभर राहिलेल्या डब्याचे काय होते, ते मी पाहिलेले आहे. त्याचे वर्णन येथे करत नाही. तेव्हा फराळाची पिशवी हातात ठेवावी आणि ती दुपारपर्यंत रिकामी करण्याची जबाबदारी चिरंजीवांवर सोपवावी.

शुल्क दर नगामागे असते. पहिल्या चोवीस तासांचा दर कमी आणि त्यापुढच्या प्रत्येक चोवीस तासांचा जास्त, अशी रचना असते. आता हे दर सर्वत्र सारखे राहिलेले नाहीत, विभागीय पातळीवर ठरतात, म्हणून खिडकीवरचा दरफलक वाचावा आणि पावतीवर नगांची संख्या बरोबर पडली आहे का, ते तेथेच उभे राहून तपासावे. तीन बॅगा दिल्या आणि पावतीवर दोन नग पडले, तर तिसरीसाठी भांडायला आपल्या हाती कागद नसतो. पावती मिळताच तिचा मोबाइलवर फोटो काढून पत्नीच्या मोबाइलवरही पाठवून ठेवावा. मूळ पावती हरवली तर सामान मिळत नाही असे नाही, परंतु ओळख पटवून क्षतिपूर्ती बंधपत्र लिहून द्यावे लागते, बॅगेत काय आहे ते सांगावे लागते आणि ती तपासून घेतली जाते. रात्री गाडी उभी असताना हा सोपस्कार कोणालाही परवडणारा नाही.

सीएसएमटी स्थानकावर सध्या पुनर्विकासाचे काम चालू आहे, त्यामुळे खिडकी अमुक ठिकाणी आहे असे मी लिहून देत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या ८ ते १८ या फलाटांवर लागतात. त्या बाजूला 'क्लोक रूम' किंवा 'अमानती सामान घर' असा फलक पाहावा किंवा बिल्लेवाल्या हमालाला विचारावे. सामान वाहून घ्यायचे असेल तर हमाल जरूर करावा, परंतु त्याच्या किंवा कोणा टपरीवाल्याच्या भरवशावर सामान 'जरा बघा हं' म्हणून सोडू नये.

शिवाजीपार्कवाला यांचे उत्तर

वरील दोघांशी मी थोडा असहमत आहे. दिवस दक्षिण मुंबईत जाणार असेल तर सीएसएमटी ठीक आहे, परंतु आपल्या आईंना सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यायचे असेल आणि संध्याकाळ चौपाटीवर काढायची असेल, तर दादर अधिक सोयीचे पडते. क्लोक रूम दादरलाही आहे आणि गेल्या काही वर्षांत सीएसएमटी, दादर व लोकमान्य टिळक टर्मिनस येथे स्वयंचलित लॉकरही बसवले गेले आहेत. कोकणकन्या दादरला थांबते, मग रात्री पुन्हा सीएसएमटीपर्यंत जाण्याचे कारण काय?

दादरला येणार असाल तर एक बदल ध्यानात ठेवावा. ९ डिसेंबर २०२३ पासून तेथील फलाटांना सलग क्रमांक दिलेले आहेत: पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता आणि बाहेरगावचा माणूस हमखास चुकीच्या पुलावर चढत असे. जुन्या माणसाने सांगितलेला फलाट क्रमांक आता धरून चालू नये.

डोंबिवलीकर यांचे उत्तर

शिवाजीपार्कवाला, आपला मुद्दा एकट्यादुकट्या प्रवाशासाठी मला मान्य आहे. परंतु कोकणकन्या दादरला दोन-तीन मिनिटेच थांबते, आणि मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या गाडीला दादरला काय गर्दी असते, हे आपल्याला मी सांगायला नको. तीन बॅगा, आई आणि मुलगा यांना त्या दोन-तीन मिनिटांत नेमक्या डब्यात चढवायचे, तेही डबा कोठे थांबेल त्याचा अंदाज घेत धावून, हे मला जमले नसते. सीएसएमटीला गाडी सुटण्यापूर्वी बराच वेळ फलाटावर लागलेली असते. सामान बाकाखाली सरकवून, साखळी लावून, आईंना खालच्या बर्थवर निवांत बसवता येते. ज्या स्थानकावरून गाडीत बसायचे तेथेच सामान ठेवावे, आणि मूळ स्थानक उपलब्ध असताना मधले निवडू नये, असे माझे मत आहे.

सिद्धिविनायकाला जायचेच असेल तर सामान सीएसएमटीला ठेवून दुपारी बाराच्या पुढे लोकलने दादरला जावे आणि साडेचारच्या आत परतीच्या वाटेला लागावे.

बडनेरेकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सीएसएमटीचे पक्के झाले. कापडी बॅग आजच पाहिली. तिला एकच चेन आहे आणि कुलूप लावण्याची सोय नाही, त्यामुळे साड्या दुसऱ्या बॅगेत जातील. दागिन्यांचे आणि आईच्या विश्रांतीचे मात्र अजून सुटलेले नाही. शिवाय पार्सलबाबूंना एक विचारायचे आहे: सामान यंत्रातून तपासले जाते, असे ऐकले. साड्यांच्या गठ्ठ्यात देवाची चांदीची भांडी आहेत, त्यावरून अडवतील का?

निवृत्त पार्सलबाबू यांचे उत्तर

चांदीच्या भांड्यांवरून कोणी अडवणार नाही; फार तर बॅग उघडून दाखवावी लागेल, म्हणून ती वरच्या बाजूला ठेवावीत. तपासणीला मात्र कंटाळू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात याच स्थानकावर लोक बॅगा तेथेच टाकून जीव मुठीत धरून पळाले होते. ते बेवारस सामान गोळा करून ठेवलेले असताना, ३ डिसेंबरला, म्हणजे हल्ल्यानंतर आठवड्याने, त्या ढिगात स्फोटके सापडली. ज्याने तो ढीग पाहिला आहे किंवा त्याबद्दल ऐकले आहे, तो कर्मचारी कोणाचीही बॅग 'घरचीच आहे हो' या शब्दावर आत घेणार नाही. बंदोबस्ताच्या दिवसांत ही तपासणी आणखी कडक असते, तेव्हा सामान ठेवायला वेळ हातात ठेवून जावे.

दागिने क्लोक रूममध्ये ठेवू नयेत. बाहेरचे कुलूप शाबूत असले तरी कापडी बॅगेची चेन बॉलपेनच्या टोकाने उसवता येते आणि पुन्हा सरकवून पूर्ववत करता येते, हे पोलिसांपासून चोरांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. नुकसानभरपाईचाही विचार करावा. रेल्वेकडे रीतसर बुक केलेल्या लगेजची किंमत आधी जाहीर करून त्यावरचा आकार भरलेला नसेल, तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपर्यंतच मर्यादित असते. मंगळसूत्राचे वजन किलोत मोजत नाहीत, हे लक्षात घेता त्या भरपाईचा उपयोग शून्य. दागिने पत्नीच्या खांद्याला आडव्या अडकवलेल्या लहान पर्समध्ये, पदराखाली ठेवावेत. आणि शक्य असेल तर मेहुण्यांच्या घरचे कोणी आधी कुडाळला जात असल्यास त्यांच्याबरोबर पाठवावेत.

प्रतीक्षालयात आईंना सामानाजवळ बसवण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी स्वतःच्या आईला तसे बसवलेले नसावे. प्रतीक्षालयातले सामान पूर्णपणे प्रवाशाच्या जबाबदारीवर असते. सत्तरीच्या बाईंनी सोळा तास तीन बॅगांवर नजर ठेवायची, म्हणजे त्यांनी स्वच्छतागृहातही जायचे नाही असा अर्थ होतो.

कुडाळची सून यांचे उत्तर

मी माहेर-सासर याच मार्गाने करते, म्हणून आईंच्या विश्रांतीबद्दल लिहिते. सीएसएमटीला रेल्वेची विश्रांतीगृहे आहेत आणि आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून ती आगाऊ आरक्षित करता येतात. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (फक्त बसायची जागा पक्की असलेले) असावे लागते आणि आरक्षण साधारणपणे किमान बारा तासांचे मिळते. खोली मिळाली तर आपला सामानाचाही प्रश्न तेथेच संपतो, कारण बॅगा खोलीत कुलूपबंद राहतात, सकाळी सर्वांच्या आंघोळी होतात आणि दुपारी आईंना आडवे होता येते. क्लोक रूमपेक्षा खर्च अर्थातच जास्त येतो, परंतु चौघांच्या आंघोळी आणि दुपारची झोप त्यात धरली तर मला तो अवाजवी वाटत नाही. मे महिन्यात खोल्या लवकर भरतात, म्हणून आजच पाहावे. डॉर्मिटरीतली खाट मिळाली तर तीसुद्धा आईंपुरती पुरेशी आहे. मात्र अशा वेळी बॅगा क्लोक रूममध्येच द्याव्यात. २०२२ पासून स्थानकात पॉड हॉटेलही सुरू झाले आहे. त्याच्या कप्प्यांत झोपायला तरुण मंडळींना मजा येते, परंतु गुडघे दुखणाऱ्या माणसाने आधी पाहूनच ठरवावे.

रात्रीबद्दल एक सांगते. संध्याकाळनंतर सीएसएमटीहून महालक्ष्मी, देवगिरी, सिद्धेश्वर, कोकणकन्या अशा गाड्या एकामागून एक सुटतात आणि त्या प्रत्येक गाडीचे काही प्रवासी सामान सोडवून घेण्यासाठी त्याच खिडकीवर उभे असतात. गाडीच्या अर्धा तास आधी तेथे पोहोचलात तर पुढच्या माणसाची बॅग मांडणीवर सापडेपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो. आम्ही नेहमी साडेनऊच्या सुमारास सामान ताब्यात घेतो, मग जेवतो आणि फलाटाची घोषणा होण्याची वाट पाहतो. बॅग हाती येताच कुलूप आणि चेन खिडकीसमोरच पाहून घ्यावी. काही कमीजास्त वाटले तर तेथून न हलता तक्रार नोंदवावी आणि १३९ या क्रमांकावरही कळवावे. बाहेर पडून परत आलेल्या माणसाचे म्हणणे सिद्ध होणे कठीण जाते.

बडनेरेकर यांचा प्रतिसाद

ताई, आपल्या उत्तराप्रमाणे विश्रांतीगृहाचे पाहतो आहे आणि खोली नाही मिळाली तर आईसाठी डॉर्मिटरी, बॅगा क्लोक रूममध्ये, असे ठरवले आहे. दागिने माझी मेहुणी आठवडाभर आधी जात आहे, तिच्याबरोबर जातील. आमचा मुंबईतला दिवस बुधवार आहे, एवढे सांगायचे राहिले होते.

डोंबिवलीकर यांचे उत्तर

बुधवारी राणीची बाग बंद असते! त्या दिवशी सुटी आली तर ती उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, म्हणून आपल्या तारखेचे एकदा पाहून घ्यावे. बंदच असेल तर सकाळी गेटवे आणि वस्तुसंग्रहालय करावे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे ती बुधवारी पाहता येतील. बोटीचा प्रवास साधारण तासाभराचा आहे आणि मुलाचा समुद्रही त्यात होऊन जाईल. मात्र धक्क्यावरून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा आईंना तोवर विश्रांतीगृहातच राहू द्यावे आणि खोलीची किल्ली त्यांच्याजवळ ठेवावी.